केळे पिकते ते कशाने?



रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे घोकण्याचे विषय नव्हेत. रावेर-यावलच्या केळीबागा आपल्या दाराशीच आहेत. कच्च्या केळ्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाका. ती निळी-काळी होईल. तो स्टार्च. पिकलेल्या केळ्यावर हा रंग फारसा उमटत नाही, कारण विकरांनी स्टार्चची साखर केलेली असते. हे जीवशास्त्र.

पिकण्याला चालना देतो तो इथिलीन वायू, आणि तो फळच तयार करते. म्हणून तर आजी कच्च्या फळांत एक पिकलेले फळ ठेवून डबा झाकते. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो. त्यानेही फळ पिकते. हे रसायनशास्त्र. मात्र बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. म्हणून 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी त्याने फळे पिकविण्यास मनाई केली आहे. ती पूड हाताळणारा मजूर आपल्याच मोहल्ल्यातला असू शकतो.

पालकहो, मुलगा असो वा मुलगी, "हे असे का?" असे विचारले तर त्यांना गप्प बसवू नका. त्या प्रश्नाचे उत्तर उद्या घरातल्या कमावत्या माणसाची प्रकृती वाचवील.