कांद्याचा भाव: कुणाला दिलासा, कुणाला फटका



कांदा महागला, की घरखर्चाचं गणित बिघडतं.
मग सरकार भावात हात घालतं.
निर्यातीवर शुल्क लावतं,
नाही तर निर्यातच थांबवतं.
माल देशातच राहतो. भाव उतरतो.
हातावर पोट असलेल्या घराला हा दिलासा खराच मोठा असतो.

पण श्रोतेहो,
हा दिलासा शेतकऱ्याच्या खिशातून येतो.

डिसेंबर 2023 आठवून पाहा.
केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली.
तेव्हा नाशिक जिल्ह्यात खरिपाचा लाल कांदा निघत होता.
उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो.
लाल कांदा तसा टिकत नाही.
लवकर कोंब फुटतात, लवकर सडतो.
म्हणजे शेतकऱ्याला थांबायची सोयच नाही.
लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर उभा करायचा,
आणि लिलावात पुकारला जाईल तो भाव घ्यायचा.
रोपं, खतं, काढणीची मजुरी...
हा खर्च तर आधीच झालेला असतो.

बंदी मे 2024 मध्ये उठली.
पण निर्यातीवर शुल्क राहिलं, ते पूर्ण हटायला एप्रिल 2025 उजाडला.
परदेशातलं गिऱ्हाईक इतकं थांबत नाही.

आणि भाव पडला, की पुढं लागवडही घटू शकते.
मग आवक कमी, आणि कांदा पुन्हा महाग.

म्हणून पुन्हा सांगते,
आजचा दिलासा शेतकऱ्याच्या खिशातून येतो.

सरकार नाफेड या सहकारी संस्थेमार्फत कांदा खरेदी करून साठाही करतं.
टंचाईच्या महिन्यांत तो बाजारात आणतं.
मला ही वाट अधिक रास्त वाटते.
मात्र खरेदी वेळेवर हवी,
आणि थेट शेतकऱ्याकडून हवी.