तळटीपेचा आकडा आणि मॅक्रो

पुस्तक वाचताना पानाच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांकडे आपण सहसा पाहत नाही. पण पुस्तक छापण्यापूर्वी त्याची भाषा आणि मांडणी तपासणाऱ्या संपादकाचा बराच वेळ तिथेच जातो. मजकूर तपासायचा ते ठीक, पण टीपेचा आकडा विरामचिन्हाच्या आधी घालायचा की नंतर?

इंग्रजीत बहुधा तो स्वल्पविरामाच्या आणि पूर्णविरामाच्या नंतर येतो. १९०६ सालापासून निघणाऱ्या ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’चाही हाच दंडक, अपवाद संयोगरेषेपेक्षा लांब असणाऱ्या आडव्या रेघेचा, तिथे आकडा आधी. फ्रेंच मंडळी मात्र आकडा विरामचिन्हाच्या आधी घालतात. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय मोल्सवर्थचे सहकारी मेजर कँडी यांना दिले जाते. आकड्याच्या जागेबाबत मात्र आपल्याकडे एकवाक्यता नाही. एकाच ग्रंथात दोन्ही पद्धती सुखाने नांदताना दिसतात.

समजा, प्रबंधात सहाशे टीपा आहेत आणि निम्मे आकडे पूर्णविरामाच्या अलीकडे पडले आहेत. हाताने एकेक उचलून ठेवायला दिवस जाईल, आणि तिसऱ्या तासाला डोळे दगा देतील. असल्या कामासाठी वर्डमध्ये मॅक्रो असतो. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदा करून दाखवलेली कृती. टेपरेकॉर्डरसारखे ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबायचे, काम करायचे, थांबवायचे. पुढे एका कळीसरशी तेच काम पुन्हा होते.

इथे रेकॉर्ड करायची कृती ‘शोधा आणि बदला’ची. त्यात ‘वाइल्डकार्ड’ची खूण चालू करायची. शोधायच्या चौकटीत एका कंसात टोपीचे चिन्ह आणि इंग्रजी दोनचा आकडा. वर्डच्या भाषेत ही टीपेच्या आकड्याची खूण. दुसऱ्या कंसात, चौकोनी कंस घालून, स्वल्पविराम आणि पूर्णविराम. बदलायच्या चौकटीत आधी दुसरा कंस, मग पहिला. म्हणजे उलटी तिरकी रेघ व दोन, उलटी तिरकी रेघ व एक. जागांची अदलाबदल होते आणि खालची टीप आकड्याबरोबर जाते. आकड्याआधी कुणी मोकळी जागा सोडली असेल, तर ती आधी काढून घ्यावी. ‘ट्रॅक चेंजेस’ बंद ठेवावे. नाहीतर प्रत्येक बदलाची नोंद होऊन पान लाल रेघांनी भरते.

मराठीची एक खास अडचण आहे. विसर्ग आणि अपूर्णविराम डोळ्यांना सारखेच दोन ठिपके दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी चिन्हे. ‘पुढीलप्रमाणे’नंतर विसर्ग टंकलेला असेल तर अपूर्णविराम शोधणारा मॅक्रो तिथे थांबतच नाही. काही लेखक तर आकडा हाताने टंकून तो फक्त वर उचलतात. संगणकाच्या लेखी ती टीपच नव्हे, नुसता छोटा आकडा. शिवाय असा मजकूर दुसरीकडे चिकटवताना उचललेपण गेले, की १६७४ नंतरचा ३ वर्षालाच चिकटतो आणि साल होते १६७४३!

मोठा धोका वेगळाच आहे. ‘राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला, आणि इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी हजर होता.’ या वाक्यात स्वल्पविरामाजवळची टीप पहिल्या विधानाचा आधार सांगते, शेवटची दुसऱ्या विधानाचा. पान नीटनेटके दिसावे म्हणून कुणी सगळे आकडे वाक्याच्या शेवटी लोटणारा मॅक्रो लिहिला, तर कोणत्या पुराव्यावर काय उभे आहे हे वाचकाला कळणारच नाही. लेखकाने न केलेला दावा त्याच्या माथी बसेल. म्हणून मॅक्रोने आकडा फक्त लगतच्या चिन्हापलीकडे न्यावा. कंस संपतो तिथला आकडा तर यादीतच घेऊ नये. टीप कंसातल्या मजकुराची की सबंध वाक्याची, हे वाचूनच ठरवावे लागते.

दुसऱ्याने पाठवलेल्या फाइलमधला मॅक्रो मात्र चालवू नका. १९९९ सालचा मेलिसा हा विषाणू अशाच वर्डच्या मॅक्रोतून पसरला होता. आपला मॅक्रो आपणच रेकॉर्ड करावा, मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवावी, आणि काम झाल्यावर टीपांची एकूण संख्या आधीइतकीच भरते का, तेवढे मोजून पाहावे.