उशिरां उमटणारी दुखापत

कल्याणजवळची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचें घर झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें उल्हासनगरची कोनशिला बसली. घरदार मागें टाकून आलेल्या माणसांनीं बरॅकींत संसार मांडले, फेरीवर माल विकला, यंत्रें चालविलीं आणि शहर उभें केलें. पडल्यावर धूळ झटकून कामाला लागावें, ही तेथल्या हवेंतलीच शिकवण. गुण मोठा खरा. परंतु अपघाताच्या बाबतींत हाच गुण कधीं कधीं घात करतो.

श्रोत्यांनीं कॅम्प नंबर तीनमधला एक साठीचा दुकानदार डोळ्यांपुढें आणावा. कल्याण-बदलापूर रस्ता ओलांडतांना त्याला मोटारसायकलीचा धक्का बसतो. डोकें जमिनीवर आपटतें. रक्त येत नाहीं, शुद्धही जात नाहीं. लोक पाणी देतात, स्वार हात जोडतो, आणि "कांहीं झालें नाहीं, जाऊं द्या" असें म्हणून गृहस्थ दुकानाची वाट धरतो. तीन आठवड्यांनीं त्याचें डोकें सारखें दुखूं लागतें. वहींतली बेरीज चुकते, एक पाय जड पडतो, नातवंडांचीं नांवें ओठांवर येत नाहींत. घरचीं माणसें म्हणतात, "वय झालें."

हें वयाचें लक्षण असेलच असें नाहीं. मेंदू व त्याचें आवरण यांच्यामध्यें बारीक शिरा असतात. उतारवयांत मेंदू किंचित् आकसतो, त्या शिरा ताणल्या जातात आणि हलक्या आघातानेंही एखादी फुटते. रक्त थेंबाथेंबानें साचतें; मेंदूवर दाब पडून लक्षणें दिसण्यास कित्येक आठवडे लागूं शकतात. रक्त पातळ ठेवणारें औषध घेणाऱ्यांस हा धोका अधिक. सी. टी. स्कॅनमध्यें तें बहुधा दिसतें आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर पुष्कळ रोगी पूर्ववत् होतात. मानेचा ताण दुसऱ्या दिवशीं जाणवतो. पोटांतली प्लीहा क्वचित् कांहीं दिवसांनीं फुटते. मनांतली दहशत तर महिन्यांनींही झोप उडविते.

आतां प्रश्न न्यायाचा. मोटार अपघाताची नुकसानभरपाई १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं दावा न्यायाधिकरणाकडे मागतां येते. असें न्यायाधिकरण ठाण्यास आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें या अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली व ती १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आली. तिला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें गेलें, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें न्यायालयानें अंतरिम आदेशानें सांगितलें कीं, केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळूं नयेत. तथापि अंतरिम आदेशाच्या भरंवशावर स्वस्थ बसणें शहाणपणाचें नव्हे.

मुदतीपेक्षांही अवघड असतो तो पुरावा. डोक्यांतलें रक्त त्याच धक्क्यानें साचलें, मागाहून घरांत पाय घसरून नव्हे, हें दुकानदारानें दाखवावयाचें कसें? त्याच दिवशीं तो कॅम्प तीनमधल्या मध्यवर्ती रुग्णालयांत गेला असता, तर वेळ, मार व अपघाताचें कारण केसपेपरावर नोंदलें गेलें असतें. पोलिसांत खबर दिली असती, तर वाहनाचा क्रमांक राहिला असता. दोन तासांचा कंटाळा पुढें वर्षांची कमाई बुडवितो. त्याहून वाईट म्हणजे हजार-पांचशें रुपये घेऊन "आतां कसलीही तक्रार नाहीं" अशा कागदावर सही करणें. डॉक्टरांचा अभिप्राय व वकिलाचा सल्ला घेतल्याखेरीज अशा तडजोडीस मान डोलवूं नये.

भरपाई ठरते ती केवळ जखमेच्या आकारावरून नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१० साली, अपंगत्वाची टक्केवारी पाहून न थांबतां कमावण्याची शक्ति किती गेली हें तपासावें, असें स्पष्ट केलें. बोटाचें बधिरपण कारकुनास एक वेळ सोसेल. जीन्स शिवणाऱ्या कारागिराची तें रोजीच हिरावून घेईल.

लोकलगाडीचा कायदा निराळा. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ गर्दीच्या दोन लोकलगाड्यांतून प्रवासी रुळांवर पडले. त्या दिवशीं चौघांचा अंत झाला. गाडींतून पडून जखमी झालेल्या प्रामाणिक प्रवाशास १९८९ च्या रेल्वे कायद्याखालीं, रेल्वेचा दोष सिद्ध न करतांही, भरपाई मागतां येते. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे सामान्यतः एका वर्षाच्या आंत करावयाचा असतो. तिकीट किंवा पास म्हणूनच जपावा.

वकिलाच्या खर्चाची धास्ती पुष्कळांस मागें ओढते. परंतु १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें स्त्रिया, मुलें, औद्योगिक कामगार, अपंग व मर्यादित उत्पन्नाचीं माणसें यांस मोफत कायदेशीर साहाय्याचा अधिकार दिला आहे. त्यासाठीं जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

जखमी माणूस "कांहीं झालें नाहीं" असेंच म्हणणार. म्हणून पुढले कांहीं आठवडे त्याच्या चालण्या-बोलण्यावर घरच्यांनींच नजर ठेवावी आणि केसपेपर, बिलें व औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवींत जपाव्या. धूळ अवश्य झटकावी. परंतु मार कोठें लागला, हें आधीं एकदां कागदावर लिहवून घ्यावें.