व्यवहाराच्या नोंदी आणि त्यांचा शोध : धार-देवासच्या उदाहरणाने

(वर्धापन उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या मंडपात कीर्तन-प्रवचन सोडून हिशेबाच्या वह्यांवर बोलणे पुष्कळांस नीरस वाटेल. परंतु ज्या संस्थेच्या खजिन्यात शेकडो कुटुंबांची श्रद्धा पावतीच्या रूपाने जमा होते, त्या संस्थेत हिशेब हाही सेवेचाच एक भाग मानला पाहिजे. अनेक देवस्थानांच्या कचेऱ्यांत आता संगणक आला आहे. पावती त्यातून निघते, खर्चही त्यात नोंदला जातो. आणि तरीही मुंबईहून आलेले एखादे महाजन कुटुंब जेव्हा विचारते, "आमच्या आजोबांच्या नावाने ठेवलेल्या कायम निधीच्या व्याजातून गेल्या पाच वर्षांत कोणकोणत्या तिथीस अभिषेक झाले?", तेव्हा चिटणीस मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. नोंद आहे, पण सापडत नाही. न सापडणारी नोंद आणि न केलेली नोंद यांत विचारणाऱ्याच्या दृष्टीने अंतर ते किती?

प्रस्तुत विषय तो हाच आहे. व्यवहाराच्या सॉफ्टवेअरमध्ये साठलेल्या नोंदींतून हवे ते शोधून दाखविणारे तक्ते कसे मांडावेत, असा हा प्रश्न आहे. परदेशी शब्द वापरायचा तर त्यास 'व्ह्यू' म्हणतात. येथे त्यास सोयीसाठी 'शोधतक्ता' म्हणू. उदाहरण मात्र दूरचे, माळव्यातील धार व देवास या पवारांच्या संस्थानांचे घेतले आहे. माळवा आपणांस अगदीच परका नाही. केरीचे जिवबादादा बक्षी, लखबादादा लाड ही सारस्वत नावे शिंद्यांच्या दौलतीत उज्जैनच्या परिसरात गाजली, आणि देवास तर उज्जैनच्या शेजारीच आहे.

प्रथम जुनी पद्धत पाहू. मराठी दरबारांत मोडी लिपीत रोजकीर्द लिहिली जाई. दिवसभरात जे घडले ते घडले त्या क्रमाने कीर्दीत उतरे. परंतु कीर्दीस फक्त एकच प्रश्न विचारता येतो : अमुक दिवशी काय झाले? अमुक सरदारास एकंदर किती पोचले, हे तीत पाहू गेल्यास वर्षभराची पाने चाळावी लागत. म्हणून कीर्दीवरून माणसांच्या वा बाबींच्या नावांखाली नोंदी पुन्हा उतरवून काढीत; पुण्याच्या पेशवे दप्तरात रोजकीर्दीच्या रुमालांबरोबर घडणीचे रुमाल आहेत, ते याच कामाचे. व्यापाऱ्याची खतावणी तीच, आणि सर्वांचा गोषवारा म्हणजे तेरीज. पेशवे दप्तरात तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्यातून 45 खंड निवडून काढले. निवडीचे ते श्रम पाहिले म्हणजे कागद जपून ठेवणे व कागद सापडणे ही दोन वेगळी कामे आहेत, याची खात्री पटते.

घडणीत एक दोष होता आणि तो अटळ होता. ती नक्कल होती. कीर्दीत मागाहून दुरुस्ती झाली आणि घडणीत ती उतरावयाची राहिली, की दोन वह्या दोन साक्षी देऊ लागत. संगणकाने जी खरी सुधारणा केली ती येथे. 1970 साली आय.बी.एम. मधील एडगर कॉड यांनी एका लेखात नोंदींच्या साध्या कोष्टकांचा सिद्धान्त मांडला, आणि पुढे त्याच पायावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत शोधतक्ता म्हणजे नोंदींची नक्कल नव्हे, तर केवळ जपून ठेवलेला प्रश्न, अशी कल्पना रूढ झाली. तक्ता उघडताक्षणी तो प्रश्न मूळ कीर्दीस नव्याने विचारला जातो. कीर्द दुरुस्त झाली की सारे तक्ते आपोआप दुरुस्त. छोट्या दुकानदारांच्या टॅलीपासून मोठ्या कारखान्यांच्या सॅपपर्यंत, नोंद एकदाच करावी आणि तिच्याकडे हव्या तितक्या बाजूंनी पाहावे, हेच सूत्र दिसते.

आता देवासकडे वळू. तुकोजी व जिवाजी पवार या दोन बंधूंच्या घराण्यांची ही दोन संस्थाने, थोरली पाती व धाकटी पाती, एकाच नगरात नांदत होती. प्रत्येकीचा मुलूख सुमारे साडेचारशे चौरस मैल, दोघींची कचेरी निराळी, दिवाबत्तीची व पाण्याची व्यवस्था निराळी. 1948 मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा प्रकार चालला. गंमत म्हणून याकडे पुष्कळांनी पाहिले आहे. हिशेबनिसाने मात्र निराळ्या नजरेने पाहावे. गाव एक, रस्ता एक, पण त्या गावाविषयीचा कोणताही साकल्याचा प्रश्न एका दप्तरास विचारता येत नसे. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच यंत्रणेत दोन कंपन्या ठेवतात. प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या कंपनीची याची खूण असते. एका बाजूच्या कारकुनास आपल्याच बाजूच्या नोंदी दिसतात आणि तपासनिसास दोन्ही. ज्या देवस्थानांत मुख्य देवाचा व परिवार देवतांचा हिशेब वेगळा राखावा लागतो, त्यांनी हे देवासचे उदाहरण मनात ठेवावे. वेगळेपण वह्यांच्या संख्येने राखण्याऐवजी नोंदीवरील खुणेने राखले, तर पुढे एकत्र पाहण्याची वाट बंद होत नाही.

थोरल्या पातीची दुसरी एक हकीकत प्रसिद्ध आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली काही महिने तिसरे तुकोजीराव महाराज यांचे खाजगी सचिव होते. त्या दिवसांविषयी त्यांनी 1953 मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. महाराज उदार, रसिक व भाविक. फॉर्स्टर यांचा त्यांच्यावर फार जीव. पण नव्या राजवाड्यातील सामान पाहता त्यांना आढळले की हौसेने आणलेले नवे कोरे पियानो माळव्याच्या कोरड्या हवेने तडकून निकामी झाले आहेत, आणि अशाच कितीतरी वस्तू धूळ खात आहेत. पैसे दिल्याची नोंद कोठेतरी असणारच. परंतु "आपल्यापाशी काय काय आहे, ते कोठे आहे, कोणत्या स्थितीत आहे?" या प्रश्नाचे उत्तर एका ठिकाणी मिळण्याची सोय नव्हती. संस्थानची आर्थिक घडी पुढे विस्कटतच गेली. 1933 मध्ये महाराज देवास सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीस गेले आणि 1937 मध्ये तेथेच निवर्तले. त्या शोकांतिकेस कारणे अनेक, तीत राजकारण व कौटुंबिक कलहही होता, आणि सारा दोष वह्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. तरी खर्चाची कीर्द आणि जिनसांची यादी यांची गाठ पडत नसली म्हणजे मालकास आपली परिस्थिती उशिरा कळते, एवढे त्यातून निश्चित दिसते. देवाचे अलंकार, पालखी, समया, उत्सवाची भांडी यांच्या याद्या ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना अधिक सांगणे नलगे.

शोधतक्ता मांडताना पहिली अडचण नावांची. धार-देवासच्या राजघराण्याचेच पहा. मराठीत ते पवार. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांत कोठे 'पुआर', कोठे 'पोवार', आणि मूळ सांगताना परमार. यंत्रास 'पवार' शोधण्यास सांगितले तर ते 'पुआर' दाखविणार नाही. ते आज्ञाधारक आहे, शहाणे नव्हे. आपल्याकडील स्थिती याहून बिकट. पोर्तुगीज दप्तरात शेणवी 'सिनाय' झाले, प्रभू 'पोरोबो' झाले, कामत 'कामोतीं' झाले. एकाच घरातील थोरल्या भावाचे नाव महाजनांच्या नोंदवहीत एका रूपात आणि मुंबईस गेलेल्या धाकट्याचे पावतीवर दुसऱ्या रूपात. येथे शोधाची चौकट कितीही उत्तम मांडली तरी उपयोग नाही, कारण दोष शोधात नसून नोंदीत आहे. उपाय एकच : प्रत्येक कुटुंबास एक कायम क्रमांक द्यावा, एक नाव प्रमाण ठरवावे, बाकीची सर्व रूपे त्याच्या पोटी पर्यायी नावे म्हणून नोंदावीत, आणि शोध या पर्यायांतही चालेल असे करावे. नाव कसे लिहिले आहे यावर कोणाचेही महाजनपण ठरत नाही. पण यंत्राने "नोंद आढळली नाही" असे म्हटले आणि समोरच्या माणसाने ते खरे मानले, तर एका कुटुंबाचा अपमान व्हायला तेवढे पुरे होते.

दुसरी अडचण तारखेची. मराठी दप्तरात शुहूर सन, फसली, शके, आणि माळव्यात विक्रम संवत, असे अनेक कालगणनांचे कागद भेटतात. देवस्थानांतही तिथी व तारीख दोन्ही लागतात. त्यांचे रकाने स्वतंत्र असावेत. तसेच सेवा झाली तो दिवस, पैसे आले तो दिवस आणि नोंद केली तो दिवस हे तीन निरनिराळे दिवस आहेत. तक्ता कोणत्या दिवसावर चालतो हे शीर्षकातच स्पष्ट लिहावे. अन्यथा मार्चअखेर भरलेली पण एप्रिलमध्ये नोंदलेली रक्कम दरसाल भांडण लावील.

तिसरी अडचण कारखान्यांतून शिकण्यासारखी आहे. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे मोटारींचे कारखाने आहेत, देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना व चलनी नोटांचा छापखाना आहे. अशा ठिकाणी एका बिलात पाच-पन्नास जिनसा असतात. बिलाचे डोके एक, ओळी अनेक. तक्त्यात जिनसांच्या ओळी मागितल्या आणि शेजारच्या रकान्यात बिलाची एकूण रक्कम घेतली, तर ती रक्कम प्रत्येक ओळीसमोर पुन्हा पुन्हा छापली जाते, आणि खाली बेरीज मारणारा दहा हजारांचे पन्नास हजार करून मोकळा होतो. यंत्र चुकलेले नसते. डोक्याचा तक्ता वेगळा व ओळींचा तक्ता वेगळा ठेवणे हा त्यावरचा साधा इलाज. एकाच पावतीत अभिषेक, नैवेद्य व अन्नदान अशा तीन सेवा असतील तर देवस्थानातही हेच घडते.

चौथी गोष्ट रकान्यांत काय कोंबावे याची. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून लागू झाला, तेव्हापासून नोंदणीकृत व्यापाऱ्यास पंधरा अक्षरी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढील दहा अक्षरे पॅन क्रमांकाची. मध्य प्रदेशाचा अंक 23, गोव्याचा 30. हा क्रमांक बारकाईने वाचला तर पुरवठादार कोणत्या राज्यात नोंदलेला आहे, आणि एकाच मालकाच्या दोन राज्यांतील नोंदण्या कोणत्या, हे दोन्ही कळते. क्रमांकाची रचना ठरविताना पुढे कोणते प्रश्न विचारले जातील याचा विचार आधीच झालेला आहे. उलट कित्येक कचेऱ्यांत सारी माहिती 'तपशील' नावाच्या एकाच रकान्यात गोष्टीसारखी लिहिलेली असते, आणि ज्याचे काय करावे कळत नाही ते 'किरकोळ' खात्यात जाते. किरकोळ खाते हा हिशेबाचा अडगळीचा खण होय. त्यात टाकलेली वस्तू शोधताना त्या खणाचे तोंड पाहण्याची इच्छा कोणास होत नाही. खर्चाचा मोठा हिस्सा या एका खात्यात जाऊ लागला, तर खात्यांची नावे ठरवितानाच चूक झाली असे समजावे.

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष मांडणी अवघड नाही. विचारणारा ज्यावरून शोधील ते रकाने वर घ्यावेत. ते चार-पाचांपेक्षा अधिक नसावेत. निकालात जे दिसावे ते रकाने खाली. सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रे शंभर असतील, म्हणून शंभर दाखवू नयेत. आरंभीच चालू आर्थिक वर्षाची मर्यादा घालून ठेवावी, नाहीतर रिकाम्या शोधाने सारे दप्तर पडद्यावर येऊन यंत्र खोळंबते. बहुतेक सॉफ्टवेअर ठराविक ओळींनंतर थांबते. ते थांबले आहे हे पाहणाऱ्यास कळले पाहिजे, नाहीतर अर्धा निकाल पूर्ण समजून निर्णय घेतला जातो. ज्या रकान्यांवर रोज शोध होतो त्यांची सूची यंत्राकडून बांधून घ्यावी. आणि तक्त्यास 'तक्ता 1', 'नवीन तक्ता' अशी नावे न देता "कुटुंबवार कायम निधी व त्यावरील सेवा" असे प्रश्नाचेच नाव द्यावे.

कोणास काय दिसावे, हा भाग तंत्रज्ञावर सोपविण्याचा नव्हे. खजिनदारास रक्कम, पुजाऱ्यांस सेवेची तिथी, मुखत्यारास मालमत्ता व दावे. महाजनांस जमाखर्चाची तेरीज व आपल्या कुटुंबाच्या नोंदी. दुसऱ्या कुटुंबाचा दूरध्वनी क्रमांक वा देणगीचा आकडा कोणासही सहज दिसू नये. 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत झाला आहे, तो बाजूला ठेवला तरी मर्यादेची ही जाण देवस्थानांना नवी नाही. पण गुप्ततेच्या नावाखाली तेरीजच झाकून ठेवणे ही निराळी गोष्ट होय, आणि तीस समितीने मान्यता देऊ नये.

काही ठिकाणी तक्ते विक्रेत्याचा तंत्रज्ञ मांडून जातो आणि वर्षभर ते कोणी उघडत नाही. कारण उघड आहे : त्यास येथील प्रश्न ठाऊक नव्हते. म्हणून त्याला बोलाविण्यापूर्वी कचेरीत एक साधी वही ठेवावी. उत्सवाच्या चार दिवसांत खिडकीपाशी येऊन जो जे विचारील ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. त्या वहीतील प्रश्न तंत्रज्ञापुढे ठेवावेत. तक्ते तयार झाल्यावर एका जुन्या वर्षाची, ज्याचा ताळेबंद सभेत मंजूर झालेला आहे अशी हस्तलिखित कीर्द काढावी, त्या वर्षाच्या नोंदी संगणकात भराव्यात, आणि शोधतक्त्याची बेरीज मंजूर ताळेबंदाशी पडताळावी. पै-पैशाचा फरक निघाला तरी तो कोणत्या नोंदीचा आहे हे सापडेपर्यंत नव्या तक्त्यावरून कोणासही उत्तर देऊ नये, आणि तोवर जुनी वही कपाटात न ठेवता मेजावरच असू द्यावी.