जहाजाच्या इंजिनातील वायू



लखनौपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. मग येथे जहाजाच्या इंजिनाविषयी बोलण्याचे प्रयोजन काय? याच शहरात, मानकनगर येथे, रेल्वेची अनुसंधान, अभिकल्प आणि मानक संघटना आहे. डिझेल इंजिनांच्या चाचण्या आपल्याला परक्या नाहीत. १४ जानेवारी २०१५ रोजी तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी रेवाडीहून डिझेल आणि नैसर्गिक वायू अशा दोन्ही इंधनांवर चालणारी गाडी रवाना केली. तिच्या १,४०० अश्वशक्तीच्या इंजिनात डिझेलचा सुमारे पाचवा हिस्सा वायूने भरून काढला होता. जहाजावर हे प्रमाण उलटते : वायू मुख्य, डिझेल नाममात्र. वायूचा पुरवठा तुटलाच, तर भर समुद्रात इंजिन पुन्हा डिझेलवर चालविता येते.

मग ते थोडे डिझेल तरी कशाला? दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. वायूतील मुख्य घटक मिथेन. तो आपोआप पेटण्यास ५०० अंश सेल्सियसहून अधिक तापमान लागते. म्हणून एका वातीने दुसरी वात लावावी, तसे आधी डिझेल पेटवून त्यावर वायू पेटवितात.

याच्या दोन रीती आहेत. पहिलीत वायू आधीच हवेत मिसळतात. हवा गरजेच्या सुमारे दुप्पट असते. ती कमी पडली, तर मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके देते. फार वाढली, तर ज्योत विझते. दुसरीत डिझेल पेटल्यावर वायू सुमारे ३०० बार दाबाने आत सोडतात आणि तो शिरताशिरताच जळतो. येथे ठोक्यांचे भय नसते. मात्र ज्वाला अधिक तप्त असल्याने नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात.

पहिल्या रीतीत आणखी एक दोष आहे. सिलिंडरच्या फटींत आणि थंड भिंतींलगत थोडा मिथेन न जळता राहतो आणि धुराड्यातून निसटतो. तेवढ्याच उष्णतेसाठी वायूपासून डिझेलपेक्षा सुमारे पाव हिस्सा कमी कार्बन डाय-ऑक्साइड निघतो, हे खरे. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन त्याच्या सुमारे २८ पट उष्णता रोखतो. शंभरातील तीन भाग निसटले, तरी सारा लाभ जवळजवळ संपतो.

तेव्हा वायू पेटला, एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. तो शेवटपर्यंत जळला का, हे धुराड्यापाशी मोजूनच या इंजिनांची परीक्षा केली पाहिजे.