फवारणीचे विष आणि कर्करोग
(संघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



पिकावर जे फवारले जाते त्यास आपण ‘औषध’ म्हणतो. हा शब्दच मोठा घातकी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा काही दिवस त्यास सर्वांनी विष म्हटले. पुढे ते पुन्हा औषध झाले.

परंतु तत्काळ मारणाऱ्या विषाविषयी मी बोलणार नाही. डब्यावर लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण असतो. हिरवा दिसला की आपण निर्धास्त होतो. तो रंग सांगतो ते इतकेच, की किती मात्रेने जीव लगेच धोक्यात येतो. वीस वर्षांनी काय होईल, हे त्या त्रिकोणात लिहिलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या लिआँ येथील कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली लिंडेन हे कर्करोगकारक ठरविले. मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि तणनाशक ग्लायफोसेट ही ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातली.

म्हणून प्रत्येक फवारणाऱ्यास हा रोग होतो असे नव्हे. अमेरिकेत आयोवा व उत्तर कॅरोलिना या राज्यांत १९९३ पासून फवारणी करणारे व त्यांच्या पत्नी अशा सुमारे ८९ हजार जणांची पाहणी चालू आहे. त्यांच्यात एकंदर कर्करोग इतर लोकांहून कमीच आढळला, कारण धूम्रपान कमी; मात्र प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग अधिक आढळला. शिवाय तिकडे पुष्कळशी फवारणी ट्रॅक्टरच्या यंत्राने होते. आपल्याकडे पंप पाठीवर, पाय अनवाणी, आणि गळणारे पाणी पाठीवरून कमरेखाली उतरते. हे विष नाकातोंडापेक्षा कातडीवाटेच अधिक शिरते, आणि जांघेची कातडी ते हाताच्या कातडीहून कितीतरी पट अधिक शोषते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही ते यामुळे.

आपल्या ज्ञातीत स्वतः पंप उचलणारे आता थोडे. मजुराकडून फवारून घेणारे पुष्कळ. औषधाच्या बाटलीस आपण किंमत विचारीत नाही, रबरी हातमोज्यांस मात्र विचारतो! गळका पंप दुरुस्त करणे, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे व बूट देणे, काम संपताच साबणाने अंघोळीस पाणी देणे, ही मालकाची कामे होत.

फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवावेत. आणि रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी धान्यास किंवा पाण्यास वापरावयाचा नाही. हे मी भगिनींस सांगत नाही. तो डबा घरी आणणाऱ्या पुरुषांस सांगतो आहे.