ओझं उचलायचं शिक्षण

वर्षभर मी डेडलिफ्ट शिकते आहे. जमिनीवरचा लोखंडी बार धरून सरळ उभं राहायचं, एवढंच. ‘बाईच्या जातीला हे झेपायचं नाही,’ असं मला ऐकवलं गेलं. हंडा-घमेलं उचलताना हे कुणाला आठवत नाही! पुरुषांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये 1896 साली आलं, बायकांचं 2000 साली. त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीनं एकूण 240 किलो उचलून कांस्यपदक मिळवलं.

बायकांचा बार 15 किलोचा. मी नुसत्या बारनंच सुरुवात केली, टोकांखाली ठोकळे ठेवून. बार पावलांच्या मध्यावर, नडगीजवळ. नितंब मागे, पाठ सपाट. श्वास भरून पोट घट्ट करायचं आणि पायांनी जमीन खाली रेटायची. पाठीनं हिसका द्यायचा नाही. बार अंगापासून लांब गेला की कमरेवर ताण वाढतो.

वस्तीतल्या बायका कंबरदुखी ‘बायकांचं दुखणं’ म्हणून सोसतात. उचलायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. आता बैठकीत मी 20 लिटरचा पाण्याचा कॅन मध्ये ठेवते. भरलेला कॅन 20 किलोच्या वरच भरतो. एकेकीनं उठून उचलायचा, बाकीच्यांनी तिच्या पाठीकडे बघायचं.